परतीच्या गाडीपासून सुरुवात

पॅरिसमधल्या आमच्या पायी भटकणाऱ्या मंडळात रविवारची वाट आखायला बसलं, की कुठे जायचं हा पहिला प्रश्न नसतो. संध्याकाळी परतायला गाडी कोणत्या स्टेशनवरून आणि किती वाजता आहे ते आधी बघायचं, आणि तिथून उलटं मोजत वाट सकाळपर्यंत आणायची. मंडळातल्या काहींकडे मोटार आहे. तरी रविवारी ती घरीच राहते, कारण जायचं रेल्वेने आणि यायचं रेल्वेने हा मंडळाचा जुना रिवाज आहे. आठवडाभर मी एका कंपनीच्या हिशेबखात्यात काम करते. सुट्टीच्या दिवसाचं हे दुसरं काम बिनपगारी आहे, पण माझा जीव त्यात जास्त आहे. नकाशावर वाट शोधायची, ती एकदा स्वतः चालून बघायची, तिचा कागद तयार करायचा, आणि ठरल्या दिवशी पंधरा-वीस माणसांना एका स्टेशनवर उतरवून दुसऱ्या स्टेशनवरून घरी न्यायचं.

हा कागद एका पानाचा असतो. पॅरिसच्या कोणत्या स्टेशनवर, कुठे उभं राहून भेटायचं. गाडीची वेळ. किती किलोमीटर, किती चढ. जेवायला कुठे बसायचं, पाणी कुठे भरता येईल. आणि तळाशी परतीच्या दोन गाड्या: जी पकडायची ती, आणि ती चुकली तर त्यानंतरची. त्यानंतरची नसेल तर ती वाट हिवाळ्यात घ्यायचीच नाही, असं मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी सांगितलं होतं आणि ते मी आजवर पाळलं आहे. डिसेंबरात पॅरिसच्या आसपास पाचच्या आधी सूर्य मावळतो. सपाट वाटेवर घोळका ताशी चार किलोमीटर चालतो, रेतीत त्याहून कमी. वीस किलोमीटर म्हणजे चालण्याचे पाच तास आणि जेवण, थांबे, बुटांचे बंद, पावसाचे कोट यांचा दीड तास. सकाळची गाडी साडेनऊला उतरवत असेल तर हिशेब जेमतेम बसतो. हा हिशेब मला आवडतो. ऑफिसातल्या आकड्यांपेक्षा त्यात माणसं अधिक स्पष्ट दिसतात: कुणाचा गुडघा दुखतो, कोण उतारावर घाबरतो, कुणाला संध्याकाळी सातच्या आत आजारी नवऱ्याजवळ पोचायचं आहे.

सुरुवातीला माझ्याकडे शेवटच्या माणसाचं काम होतं. सह्याद्रीत आपण त्याला बॅकलीड म्हणतो. पुढे चालणारा वाट बघतो, मागे चालणारा माणसं बघतो. इथला एक संकेत मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला: कुणाला झाडीत आडोशाला जायचं असेल तर त्याने पाठपिशवी वाटेवर ठेवून जायचं. शेवटच्या माणसाला ती दिसते, तो तिच्यापाशी थांबतो, आणि काही न विचारता कुणी मागे राहत नाही. इतकी साधी आणि इतकी सभ्य सोय मी दुसऱ्या कुठल्याच कामात पाहिली नाही.

मोटारीशिवाय भटकणं मला नवं नव्हतं. नाशिकला कॉलेजात असताना आमच्यापैकी कुणाकडेच गाडी नव्हती. कसाऱ्यापर्यंत लोकलने येणारे मुंबईचे मित्र आणि आम्ही, सगळे एसटीवर अवलंबून. खिरेश्वरहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड चढायचा आणि पाचनईला उतरायचं, हे त्या काळी सहज सुचायचं, कारण चढलेल्या बाजूला परतण्याचं काही कारणच नव्हतं. तिथे आपलं काही ठेवलेलं नसे. रात्री गावात मुक्कामाला येणारी आणि पहाटे शहराकडे निघणारी एसटी कुठे मिळते, एवढं ठाऊक असलं की डोंगराची एक बाजू चढून दुसरी उतरता येई.

फ्रान्समध्ये आल्यावर दुकानातली वाटांची पुस्तकं चाळली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाट गोल निघाली. गावातल्या चर्चपुढच्या मोकळ्या जागेत गाडी लावा, इथून निघा, तिथून वळा, चर्चपाशी परत या. मोटारीने गेलेल्या माणसाला मोटारीपाशी परतावंच लागतं, म्हणून वाटही वळून मागे येते. त्या वाटा वाईट नसतात. पण गोल वाट एकाच मुलुखात फिरते. स्टेशनापासून स्टेशनापर्यंतची वाट पंधरा-वीस किलोमीटर एका दिशेने जाते, आणि एवढ्या अंतरात जमीन बदलते, झाडं बदलतात, घरांचे दगड बदलतात. सकाळी राजवाड्याच्या बागेत पाऊल ठेवलेला माणूस संध्याकाळी नदीकाठच्या तटबंदीच्या गावात असतो. ही चाल मला जास्त खरी वाटते. माणसं पूर्वी चालायची ती कुठेतरी पोचण्यासाठी.

आणि इथे पायी भटकण्याची हौस रेल्वेच्या संगतीनेच वाढली. पॅरिसच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर फोंतेनब्लोचं जंगल आहे, सुमारे सतरा हजार हेक्टरांचं. नेपोलियनच्या सैन्यातला एक जुना शिपाई, क्लोद-फ्रान्स्वा देनकूर, या जंगलाच्या प्रेमात पडला आणि १८४२पासून त्याने तिथे फिरणाऱ्यांसाठी वाटा आखल्या. खडकांवर, झाडांवर निळ्या खुणा रंगवल्या, वाटाड्या पुस्तिका छापल्या, पदरचे पैसे घातले. १८४९मध्ये पॅरिसहून रेल्वे फोंतेनब्लोला पोचली आणि शहरातली माणसं त्या निळ्या खुणांमागे चालू लागली. १८७५मध्ये देनकूर वारला तोवर दीडशे किलोमीटरच्या आसपास वाटा झाल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी आजही आहेत, निळ्याच रंगात. जंगलाच्या कडेला बार्बिझों गावात राहणाऱ्या तेओदोर रूसोसारख्या चित्रकारांनी इथली जुनी झाडं तोडण्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १८६१च्या शाही हुकमाने जवळजवळ अकराशे हेक्टर जंगल चित्रकारांसाठी म्हणून राखलं गेलं. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या अकरा वर्षं आधी.

फोंतेनब्लोच्या रेल्वेमार्गावर जंगलाच्या ऐन मध्यात एक थांबा आहे. गाव नाही, दुकान नाही, फक्त फलाट आणि झाडं. शनिवार-रविवारी सकाळी पॅरिसहून येणाऱ्या काही गाड्या तिथे थांबतात. परतीच्या गाड्या थांबत नाहीत. उतरायचं तिथे आणि चालत दुसरं स्टेशन गाठायचं. मंडळात नवीन आलेल्याला मी पहिल्यांदा या थांब्यावर उतरवते. गाडी निघून जाते, आणि आता पायांशिवाय दुसरा उपाय नाही हे त्याला आपोआप कळतं.

देशभर पसरलेल्या लांब वाटांचं जाळं त्यानंतरचं. त्याची खूण म्हणजे लाल आणि पांढरा असे दोन आडवे पट्टे, पांढरा वर, लाल खाली. दहा सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटर रुंद. फुलीचा अर्थ इकडे नाही, वळलेल्या खुणेचा अर्थ वळा. जां ल्वाझो नावाच्या वास्तुविशारदाने आणि त्याच्या सोबत्यांनी १९४७मध्ये त्यासाठी समिती स्थापली. त्याच वर्षी ल्वार नदीकाठी ओर्लेआं ते बोजांसी हा पहिला तुकडा रंगवला गेला. त्या दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन आहे, आणि दोन्ही एकाच मार्गावर. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात मोटार फार थोड्यांकडे होती. तेव्हा वाट आखणारा माणूस स्टेशन बघूनच आखणार, यात नवल नाही. आजही या खुणा रंगवणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. ब्रश, खरवडणी, फांद्या छाटायची कात्री आणि रंगाचे दोन डबे पाठीवर घेऊन वर्षातून एकदा ते आपापला तुकडा चालून येतात. त्यांच्यापैकी कुणी वाटेत भेटलं की आमचा घोळका थांबून आभार मानतो. हे मी कागदावरच्या वेळेत धरलेलं असतं.

माझे वडील नाशिकहून आले होते त्या सप्टेंबरातल्या एका रविवारची वाट मात्र नीट सांगायला हवी.

अण्णा पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे. चाळीस वर्षं द्राक्षबाग केली. पॅरिसमधले मोठे रस्ते त्यांनी पहिल्या दोन दिवसांत पाहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "इथं शेती कुठं असते गं?" त्या रविवारी मंडळाची वाट फोंतेनब्लो-आव्हों स्टेशनपासून मोरे गावापर्यंत होती. पुढे दुसरा माणूस, मागे मी. माझ्याकडे महिन्याचा पास आहे. २०१५च्या सप्टेंबरपासून पॅरिस आणि भोवतालचा सगळा इल-द-फ्रान्स प्रांत एकाच किमतीच्या पासात येतो, आणि कायद्याप्रमाणे त्यातला निम्मा खर्च माझी कंपनी देते. ऑफिसला जायचा तोच पास रविवारी जंगलात नेतो. अण्णांना एक तिकीट काढलं. २०२५मध्ये या प्रांतातल्या रेल्वेचं एका फेरीचं तिकीट अडीच युरो झालं, दोन स्टेशनं जा नाहीतर टोकापर्यंत. गार द लियों स्टेशनवरून चाळीस मिनिटांत आम्ही उतरलो.

पहिला तास राजवाड्याच्या बागेतून. तिथे चौथ्या हेन्रीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खोदवलेला बाराशे मीटर लांबीचा सरळ कालवा आहे, आणि एका अंगाला बागेची लांबच लांब भिंत. त्या भिंतीला राजांच्या काळापासून द्राक्षवेली लावलेल्या होत्या. अण्णा चालता चालता भिंतीकडे सरकले आणि तिथेच रेंगाळले. घोळका पुढे गेला. शेवटच्या माणसाचं काम असं की मागे राहिलेल्याबरोबर थांबायचं. थांबणारा आपला बाप असला तरी नियम तोच. मी फक्त घड्याळ पाहिलं.

मग जंगल. आव्होंच्या खडकांचा तो भाग चढउताराचा. पाय रेतीत जातात, पांढऱ्या, पिठासारख्या बारीक. तीनेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याची ही रेती. काही ठिकाणी ती घट्ट होऊन वालुकाश्म झाला, आणि भोवतालची रेती वाहून गेल्यावर हत्तीएवढे धोंडे उघडे पडले. त्यांवर चढायचा सराव करायला जगभरातून लोक येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हाच दगड फोडून पॅरिसच्या रस्त्यांत फरशीसारखा बसवला जाई. त्या खाणकामगारांनी टाकलेल्या कपच्यांचे ढीग वाटेच्या कडेला अजून दिसतात. अण्णांनी मूठभर रेती उचलून बोटांतून सोडली. "यात पाणी थांबायचं नाही," म्हणाले. बरोबरच होतं. सबंध जंगलात एक ओढा वाहत नाही, पडलेला पाऊस थेट खाली उतरतो. म्हणून आमच्या कागदावर या वाटेसाठी माणशी दोन लिटर पाणी लिहिलेलं असतं, आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना ते बघायची सूचना. गोचिडीची गोष्ट मी गंभीरपणे सांगते. तिच्या चाव्यातून लाइमचा आजार होतो आणि तो वेळेत ओळखला नाही तर माणूस महिनोन् महिने झिजतो.

जेवण झाडाखाली, ज्याचं त्याने आणलेलं. हा प्रदेश ब्री चीजचा. मंडळातल्या एका निवृत्त पोस्टमनने अण्णांना पावाच्या तुकड्यावर ते लावून दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी पोस्टमनने हातवारे करून त्यांना विचारलं की तुम्ही काय करता, आणि अण्णांनी हवेत कात्री चालवून वेल छाटून दाखवली. पोस्टमनने पुढच्या गावाच्या दिशेला बोट केलं.

ते गाव तोमेरी. सेन नदीच्या वळणात वसलेलं. १७३०मध्ये इथल्या फ्रान्स्वा शार्मो नावाच्या शेतकऱ्याने राजाच्या त्या भिंतीवरच्या वेलीपासून शास्ला जातीच्या द्राक्षांची लागवड केली, तीही भिंतीलाच टेकवून. पुढे गावाने तेच केलं. शेतात एकामागून एक समांतर भिंती उभ्या राहिल्या, वर कौलांची पाखी, अंगाला चुन्याचा गिलावा. भरभराटीच्या काळात या भिंतींची एकूण लांबी शेकडो किलोमीटर भरे. दिवसा भिंत उन्हाने तापते, रात्री ती ऊब वेलीला देते, आणि जिथे द्राक्ष पिकायची मारामार तिथे ते पिकतं. दारूसाठी नव्हे, खाण्यासाठी. पॅरिसच्या श्रीमंत घरांत ते जाई. पुष्कळ भिंती आता पडल्या आहेत किंवा घरांच्या कुंपणात गेल्या आहेत, पण गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंना त्या दिसत राहतात, आणि काहींवर वेली आहेत.

अण्णांनी एका भिंतीवरची वेल पाहिली. सरळ खोड, आणि वर दोन्ही बाजूंना भिंतीला समांतर गेलेले दोन हात. "हा तर ओलांडा," ते म्हणाले. आमच्याकडे मांडवावर ओलांडे धरतात, इथे भिंतीवर. शेजारच्या वेलीचे ओलांडे थोडे वरच्या उंचीवर, त्यापुढच्या वेलीचे आणखी वर, म्हणजे भिंतीचा इंचही वाया नाही. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि मला जमेल तेवढी उत्तरं मी दिली. छाटणी किती वेळा? एकदा, हिवाळा सरताना, कारण इथे वेल थंडीत झोपते. आमच्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. विरळणी? तीही कात्रीनेच, घडातले मणी एकेक काढून, नाहीतर घड दाटतो. भुरी? तीही आली होती. अण्णा मान हलवत राहिले. आपल्याच गावच्या माणसाची विचारपूस करावी तसे ते त्या भिंतींशी बोलत होते.

पण त्यांना खरं थांबवलं ते साठवणीच्या प्रकाराने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली. शरदात पिकलेला घड नुसता न तोडता काडीच्या तुकड्यासकट कापायचा. काडीचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवायचं, पाणी नासू नये म्हणून त्यात कोळसा टाकायचा. अशा हजारो बाटल्या अंधाऱ्या, थंड खोल्यांत ओळीने टांगायच्या, आणि रोज फिरून खराब मणी काढायचे. देठ हिरवा राही. घड मार्च-एप्रिलपर्यंत, काही मेपर्यंत ताजे राहत, आणि बाजारात दुसऱ्या कुणाकडेच द्राक्ष नसताना तोमेरीची पेटी उघडे.

"मार्चातला भाव," अण्णा लगेच म्हणाले. "यांना तो ठाऊक होता."

नाशिकची द्राक्षं युरोपात जातात ती याच दिवसांत, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, जेव्हा इथल्या वेली उघड्या असतात. १९९१मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष बागायतदारांची निर्यात संस्था स्थापन झाल्यानंतर आमच्या भागातले शेतकरी हा हंगाम शिकले. मण्याचा आकार, साखर, औषधांचे अंश, शीतगृह, कंटेनर. अण्णांनी त्यापायी रात्री जागवल्या आहेत, एकदा परत आलेल्या मालाचं कर्जही फेडलं आहे. ज्या खिडकीसाठी आम्ही समुद्रापार माल पाठवतो, त्याच खिडकीसाठी हे लोक पाच महिने बाटल्यांत घड सांभाळत होते. ही गोष्ट मला इतकी वर्षं इथे राहून, त्या गल्लीतून अनेकदा जाऊनही दिसली नव्हती. ती दिसायला अण्णांचे डोळे लागले.

मग ते थांबलं कसं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कारणं अनेक आहेत: वेलीच्या मुळांवरची फिलोक्सेरा कीड, पहिल्या महायुद्धात गेलेले हात, मजुरी. आणि रेल्वे. तोमेरीचा माल पूर्वी सेन नदीतून नावेने पॅरिसला जाई. रुळांनी दक्षिणेच्या उन्हातली स्वस्त द्राक्षं राजधानीत आणून टाकली, आणि भिंती बांधून ऊन साठवायची गरज उरली नाही. ज्या रुळांवरून आम्ही सकाळी आलो होतो तेही त्याच जाळ्याचा भाग. अण्णा म्हणाले, "रस्ता आला की माल जातो तसा येतोही." आमच्या पुढारलेल्या तालुक्यात त्यांनी हे दोन्ही पाहिलेलं आहे.

घोळका बराच पुढे गेला होता. पुढच्या माणसाला फोन केला, त्याने नदीकाठी सगळ्यांना बसवून ठेवलं. कागदावर दोन गाड्या लिहिलेल्या असतात त्या अशा वेळेसाठी.

तिथून पुढचं थोडक्यात. बी नावाच्या वस्तीत चित्रकार रोझा बोनरचं घर लागतं. १८५९मध्ये तिने ते स्वतःच्या चित्रांच्या पैशांनी घेतलं आणि मरेपर्यंत तिथे राहिली. सेनच्या काठाने ल्वां नदीच्या संगमापर्यंत, समोर सां-मामेसच्या बाजूला मालवाहू पडावांची रांग, मग ल्वांच्या काठाने मोरे. पूल, दगडी वेस, चर्च, पाण्यात शिरलेल्या जुन्या गिरण्यांच्या जागा. आल्फ्रेद सिस्ले इथेच राहिला, इथलंच पाणी रंगवत राहिला आणि १८९९मध्ये इथेच गेला. गाव सुंदर आहे आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आम्हाला वीस मिनिटं होती.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना अण्णांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस राहिला. "या गावातली माणसं स्टेशनवर कशी येतात?" मी स्टेशनसमोरचं मैदान दाखवलं. रविवारी ते अर्धं रिकामं होतं. सोमवारी सकाळी आठला तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. आम्ही शहरातली माणसं मोटारीशिवाय खेड्यात येतो, आणि खेड्यातल्या माणसाला रेल्वेपर्यंत यायलाही मोटार लागते.

पॅरिसच्या प्रांताबाहेर गेलं की हे अधिक बोचतं. १८७९मध्ये मंत्री फ्रेसिने यांनी छोट्या छोट्या तालुक्यांपर्यंत रूळ न्यायची योजना आणली आणि पुढच्या तीसेक वर्षांत बरीचशी अमलात आली. १९३०च्या दशकापासून ते फाटे एकेक करून बंद होत गेले. काही ठिकाणी रूळ उखडून त्यांवर सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी छान सपाट वाटा झाल्या आहेत. मीही त्यांवरून चालते. स्टेशनची इमारत कुणाचं तरी घर झालेली असते, भिंतीवर गावाचं नाव अजून ठळक अक्षरात असतं. अशा वाटेवर चालायला सुख वाटतं, आणि तरीही मला दर वेळी हे आठवतं की इथून पूर्वी एखादी म्हातारी आठवड्याच्या बाजाराला जात असेल.

बर्गंडीतल्या एका गावात अशी एक बाई भेटली. आम्ही दफनभूमीच्या नळावर पाणी भरत होतो. फ्रान्समधल्या चालणाऱ्यांना हे ठाऊक असतं: रविवारी दुपारी दुकान, कॅफे, सगळं बंद असलं तरी गावच्या दफनभूमीत फुलांसाठी नळ असतो, आणि पिण्याजोगं नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यायची. बाई नवऱ्याच्या थडग्यावरची फुलं बदलायला आली होती. गाडी तो चालवायचा. तिने परवाना कधी काढलाच नाही. बस आहे, पण शाळेच्या दिवशी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सुट्टीत नाही, रविवारी नाही. फोन करून आदल्या दिवशी ठरवायची छोटी गाडी आहे, ती डॉक्टरकडे नेते. "तुम्ही कुठून आलात?" तिने विचारलं. सोळा किलोमीटरवरचं स्टेशन मी सांगितलं. तिथे ती कित्येक वर्षांत गेली नव्हती.

२०१८च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यांच्या चौकांत बसले तेव्हा ऑफिसातल्या अनेकांना त्यांचा राग समजत नव्हता. इंधनावरचा कर थोडा वाढला तर एवढं काय? मला तो समजत होता, आणि तो मला चालण्याने समजावला होता. त्या आंदोलनाला ज्या दोन आवाहनांनी तोंड फोडलं, ती करणारी दोन माणसं फोंतेनब्लोच्याच सेन-ए-मार्न जिल्ह्यातली होती, जिथून आमच्या निम्म्या वाटा जातात. मोटार ज्यांच्यासाठी चैन नाही आणि निवडही नाही, त्यांच्या गावांतून आम्ही हौसेने पायी जातो. हे लक्षात ठेवून गेलं पाहिजे, असं मी मंडळातल्या नव्यांना सांगते. सांगताना मला पाचनईची मुक्कामी एसटी आठवते. ती खडखडत यायची, उशिरा यायची, पण रात्री गावात झोपायची आणि पहाटे गावातली माणसं घेऊन निघायची. भाजीची पाटी, शाळेची पोरं, आजारी माणूस. आम्ही ट्रेकवाले तिच्यात उरलेल्या जागेत बसायचो. गाडी मुळात गावाची असली तर भटक्याला कधीच कमी पडत नाही. केवळ भटक्यांसाठी चालवलेली गाडी मात्र हंगाम सरला की बंद होते. वाट आखणाऱ्यांनी प्रवाशांच्या बाजूने पत्रं लिहायची असतील तर ती गावकऱ्यांच्या सोमवारच्या बससाठी आधी लिहावीत, आपल्या रविवारच्या गाडीसाठी नंतर, असं माझं मत झालं आहे. मंडळात सगळ्यांना ते पटत नाही.

दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला युरोपभर रेल्वेचं नवं वेळापत्रक लागतं. त्याआधीच्या एका संध्याकाळी आम्ही चार-पाच जण जुने कागद घेऊन बसतो आणि प्रत्येकाच्या तळच्या दोन गाड्या नव्या वेळापत्रकाशी ताडून बघतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी कोणते रविवार बंद आहेत तेही. बहुतेक वाटा तगतात. काहींची सुरुवात एक तास पुढेमागे होते. ज्यांची एकच गाडी उरते त्यांचा वेगळा गठ्ठा होतो, त्या फक्त जून-जुलैसाठी, जेव्हा दहापर्यंत उजेड असतो.

गेल्या खेपेला एक वाट अडली. तिच्या टोकाच्या गावातून स्टेशनला जोडणारी रविवारची बस बंद झाली, आणि अंतर अठरावरून सत्तावीस किलोमीटरवर गेलं. सत्तावीस किलोमीटर आमच्यातल्या निम्म्या माणसांना झेपत नाहीत. निवृत्त पोस्टमनला नाही, मला शिकवणाऱ्या बाईंना नाही. वाट काढून टाकावी असं एकाने सुचवलं. ती फार देखणी वाट आहे, बीचच्या जुन्या झाडांतून जाणारी. आम्ही नकाशा पसरला आणि तासभर त्यावर घालवला. शेवटी असं ठरलं: चालणारे नेहमीच्या स्टेशनवर उतरून सत्तावीस पूर्ण करतील. बाकीचे त्याच सकाळी पुढच्या स्टेशनपर्यंत जातील, तिथून सात किलोमीटर चालत येऊन मिळतील आणि आले त्याच वाटेने परततील. एक टोळी मी नेईन, दुसरी पोस्टमन. दोन्ही कागदांवर जेवणाची जागा एकच आहे, बीचच्या झाडांखालची, आणि वेळही एकच: साडेबारा.